सिझरनंतर आज पहिल्यांदा चालले

बाळ पायाळू होतं, म्हणून सिझरची तारीख आधीच ठरलेली. काल सकाळी ऑपरेशन झालं. उपाशीपोटी आत नेलं, पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं आणि छातीखाली सगळं बधिर. आतून ओढल्यासारखं जाणवतं, दुखत मात्र नाही. पडद्यापलीकडून लेकीचं रडणं ऐकलं आणि मीही रडले.

खरी परीक्षा आज होती. लघवीची नळी काढल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चला ताई, उठायचं." एकदम उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देत बसायचं, मग उभं राहायचं. खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धरायची. लवकर चाललं की पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका कमी होतो, म्हणून आईचा हात धरून दारापर्यंत गेलेच.

"सिझर म्हणजे सोपं, कळा नाहीत," असं भेटायला आलेलं कुणीतरी म्हणालं. फार लागलं मनाला. अहो, पोटाचे थर कापून पुन्हा शिवलेत! दीड महिना बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुमच्या घरी सिझरची बाळंतीण येणार असेल, तर पाण्याची बादली कोण उचलणार ते आत्ताच ठरवून ठेवा.