‘माउली, सेवा कोणती घेता?’

पंढरीच्या वारीला निघणाऱ्या दिंडीची भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, भरून नाव लिहून झालं, की नव्या माणसाला हा प्रश्न ठरलेला. उत्तर आळंदी सोडण्याआधीच द्यावं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान झालं, की पुढे सुमारे 250 किलोमीटर चालायचं असतं. वाटेत कामं वाटायला कोणाला उसंत नसते. ‘पडेल ते करीन’ म्हणणारा भला असतो, पण त्याच्या भरवशावर दिंडी चालत नाही. संध्याकाळी तोच आधी आडवा होतो. ‘विठ्ठल बघून घेईल’ हे आम्हीही म्हणतो, पण राहुटीच्या खुंट्या ठोकून झाल्यावर.

राहुटीची सेवा घेणारे सामानाच्या ट्रकबरोबर पुढे जातात. पालखीमुळे रस्ता बंद व्हायच्या आत ट्रक मुक्कामी पोचला नाही, तर दमलेले वारकरी उघड्यावर बसतात. जागा उंचवट्याची बघायची, सपाटीला भुलायचं नाही. खुंटी राहुटीच्या उलट दिशेला कलती ठोकायची. काळ्या रानात हातभर लांब लोखंडी खुंटीच टिकते, लाकडी चिखलातून सुटते. सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो, म्हणून पाऊस सुरू होताच दोर थोडे सैल करायचे. नायलॉनचा दोर भिजून ढिला पडतो, तो आवळायचा. उताराच्या वरच्या बाजूला वीतभर खोल चर हवाच. त्याचा कंटाळा केला, की रात्री दोन वाजता सगळ्यांच्या वळकट्या पाण्यात.

स्वयंपाकाची सेवा सर्वांत अवघड. शंभर माणसांना भात दहा किलो तांदळाचा. सोबत पिठलं-भाकरी असेल तर सहा-सात किलो पुरे. चुका बहुधा मोठ्या पातेल्यामुळे होतात. भात शिजत आल्यावर निम्मा दुसऱ्या पातेल्यात काढला नाही, तर खालचा गोळा होतो आणि वरचा कच्चा राहतो. उरलेला भात रात्रभर झाकून सकाळी वाढणं तर अजिबात नको. दमट हवेत तो आंबतो, आणि पोट बिघडलेला वारकरी दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही.

खरी कसोटी पुणे ते सासवड या टप्प्यात. चाल तीसेक किलोमीटरची, शेवटी दिवे घाट, आणि तिथी सहसा वद्य एकादशी. म्हणजे सर्वांत लांब दिवस उपवासाचा. साबुदाणा मोठ्या पातेल्यात हमखास चिकटतो. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी करावी. शंभर जणांना सात-आठ किलो भगर लागते. घाटाच्या पायथ्याशी मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी तयार ठेवावं. चक्कर येते ती बहुतेकदा नुसत्या भुकेने नव्हे, तर घामावाटे पाणी आणि मीठ गेल्याने. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा उपवास धरू नये. त्यांना दोन घास खायला लावणं हीसुद्धा सेवाच, आणि हे सांगायला दिंडीतलं वडीलधारं माणूसच लागतं. तरुणाचं कोणी ऐकत नाही.

विण्याची सेवा बाहेरून सोपी दिसते. विणा जमिनीला टेकवायचा नाही. पाळी बदलताना पुढचा पाया पडतो, विणा गळ्यात घेतो, आणि मगच आधीचा मोकळा होतो. त्यामुळे पाळी घेणाऱ्याने वेळेच्या थोडं आधीच शेजारी येऊन उभं राहावं. उशीर झाला तर विणेकऱ्याला लघवीलाही जाता येत नाही, ही गोष्ट पोथीत कुठे लिहिलेली नसते.

पाय चेपण्याची सेवा मुक्कामी पोचल्यावरची. वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्यामुळे पायाला हात लावायची लाज इथे उरत नाही. टाचेकडून गुडघ्याकडे अंगठ्याने दाबत यायचं. तळव्यावरचा फोड फोडायचा नाही. ओल्या मोज्याच्या घर्षणाने तो येतो, म्हणून मोजे बदलले का हे आधी विचारायचं. नवी कोरी पादत्राणं घालून आलेल्याला तिसऱ्या दिवशी हमखास फोड दिसतो. एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली असेल तर तेल चोळू नये, माणसाला थेट आरोग्य पथकाकडे न्यावं.

हे सगळं करताना कीर्तन चुकतं, हरिपाठाला उशिरा पोचायला होतं, आणि ‘मग वारी कशाला केली’ असं मनात येतंच. तेव्हा आमच्याकडे पुंडलिकाची आठवण काढतात. तो आईबापांच्या सेवेत होता. देव दारात आला तरी उठला नाही, वीट मागे फेकली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. कंबरेवर हात ठेवून अजून थांबलाच आहे. सेवेत खंड पडू नये म्हणून ज्याने वाट पाहिली, तो चुकलेल्या हरिपाठाचा हिशेब मागेल असं आम्हाला वाटत नाही.

आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर येतं. पदस्पर्श दर्शनाची रांग कित्येक तासांची असते, आणि स्वयंपाकाच्या सेवेकऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. त्याने चंद्रभागेचं स्नान करावं, नामदेव पायरीशी डोकं टेकावं, कळसाकडे पाहून हात जोडावेत आणि राहुटीवर परतावं. एकादशीच्या रात्री डाळ निवडून ठेवायची, मोठी चूल ताडपत्रीखाली कोरडी राखायची. द्वादशीचं पारणं सकाळीच सोडतात, म्हणून पहाटे तीनला आधण चढलेलं हवं.