लवण, बरड आणि वाळवंट

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालेली आमची दिंडी एका गावची नव्हती. माण तालुक्यातले मेंढपाळ, जिंतूरकडची शेतकरी कुटुंबे, चांदवडकडचे काही टाळकरी आणि संगमेश्वरजवळचे एक निवृत्त पोस्टमास्तर अशी सरमिसळ होती. हाक मारायला सगळ्यांना ‘माऊली’ हा एकच शब्द पुरत असे. जमिनीच्या बाबतीत मात्र एका शब्दावर भागत नव्हते.

वडकीहून दिवे घाट चढताना, मागे मस्तानी तलाव दिसत असता, चांदवडचे एक टाळकरी ‘बारी दमवणार’ म्हणाले, कारण डोंगर ओलांडण्याच्या वाटेला त्यांच्याकडे बारी म्हणतात. वर आल्यावर सासवडच्या बाजूची मोकळी सपाटी पाहून पोस्टमास्तर सहज ‘सडा’ म्हणून गेले. मेंढपाळांनी लगेच दुरुस्ती केली, ‘सडा न्हाई माऊली, माळ हाय ह्यो.’ दुरुस्ती रास्त होती. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या कातळाचा माथा, तर माळ म्हणजे मुरमाची, मेंढरे चारायची जमीन. दोन्ही सपाट असली तरी एकाच शब्दात बसत नाहीत.

नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. कालवा हा शब्द इकडे सरकारी कागदावर राहतो. बोलण्यात पाट असतो, पाटाला चाऱ्या फुटतात, आणि पाटाखालचे रान म्हटले की त्या शेताचा भाव वेगळा लावायचा हे कुणाला सांगावे लागत नाही. जिंतूरकरांचे ‘वावर’ आणि इथले ‘रान’ एकच, हे पोस्टमास्तरांना पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या रानात बिबट्या असतो.

फलटणच्या पुढचा मुक्काम बरड नावाच्याच गावी असतो. हलक्या, खडकाळ, पाणी न धरणाऱ्या जमिनीला बरड म्हणतात, आणि आमच्या वाट्याला आलेली जागा त्या नावाला जागणारी होती. राहुटीच्या लोखंडी मेखा दोन बोटे आत जाऊन वाकत होत्या. पन्नासेक पावलांवर जमीन जराशी खोलगट आणि मऊ होती, गवतही बरे होते, म्हणून आम्ही काहीजणांनी सामान तिकडे हलवायला घेतले, तेव्हा जिंतूरच्या मावशींनी हातातले पातेले खाली ठेवून आम्हाला अडवले. ‘लवणात उतरू नका माऊली, पाणी येतंय तिथं.’ मला तिथे ओढ्याची कसलीच खूण दिसत नव्हती. मेंढपाळांनी समजावून सांगितले, की वघळीला, म्हणजे पावसाच्या वाहत्या पाण्याने पडलेल्या चरीला, पाण्याने कापलेला काठ असतो, त्यामुळे ती अनोळखी माणसालाही दिसते. लवणाला काठ नसतो, चहूबाजूंचा उतार नुसता तिथे येऊन मिळतो, आणि ते ओळखायला पावलांना चढ-उतार कळावा लागतो. यावर पोस्टमास्तर म्हणाले, ‘आमच्याकडे पऱ्या असतो, तो ओरडत येतो तरी.’ पऱ्या म्हणजे कोकणातला ओढा. शेवटी दोरांना दगड बांधून राहुटी बरडावरच उभी केली. पाऊस त्या रात्री आलाच नाही, आणि मुरमाचे खडे सकाळपर्यंत पाठीला टोचत राहिले, तरी मावशींचे ऐकले ते बरेच केले असे मी म्हणेन. पालखीमार्गावरच्या छोट्या पुलांच्या पाट्यांवर ओढा, ओघळ, वघळ या साऱ्यांना सरसकट ‘नाला’ लिहिलेले असते. त्या एका शब्दातून पाणी बारमाही की दोन महिन्यांचे, काठ उंच की पसरट, यांपैकी काहीच हाती लागत नाही.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळूला वाळवंट म्हणतात. शाळेच्या भूगोलात वाळवंट म्हणजे थर आणि सहारा, पण मावशींना त्यात नवल नव्हते; गंगाखेडला गोदावरीच्या वाळूलाही हेच नाव असल्याचे त्यांनी सांगितले. पोस्टमास्तरांनी मात्र काठच्या वाळूसाठीचा आपला कोकणी शब्द ‘पुळण’ सोडला नाही, आणि स्नानाला उतरतानाही त्या दोघांचे यावर एकमत झाले नाही.