सहा रकान्यांची ओळ

सोलारिस या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या मशीनवर ईटीसी डिरेक्टरीत प्रोजेक्ट नावाची एक साधी फाइल असते, आणि ती उघडली की मला तलाठ्याचे दप्तर आठवते. एका ओळीत एक नोंद: कोणत्या प्रोजेक्टला, म्हणजे एकत्र मोजल्या जाणाऱ्या कामांना, मेमरीसारखी साधने किती द्यायची याची. नाव, क्रमांक, शेरा, वापरकर्ते, गट आणि गुणधर्म असे सहा रकाने, मध्ये विसर्गासारखे दिसणारे कोलन. 0 ते 99 हे क्रमांक सिस्टमसाठी राखीव असतात. आपला संसार 100 पासून पुढे.

सोलारिस 10 येण्यापूर्वी ओरॅकल या डेटाबेसला सामायिक मेमरी (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती) वाढवून द्यायची, तर सिस्टम फाइलमध्ये ओळ लिहून मशीन रीबूट करावे लागे. 2005 नंतर ते काम या फाइलकडे आले, आणि रीबूटची परवानगी मागण्याचे संकट टळले. जुनी मंडळी अजून व्हीआय या संपादकात फाइल उघडून हाताने ओळ लिहितात. मला ते धाडस वाटते, कारण एक कोलन कमी पडला तरी पुढचे सारे रकाने सरकतात. मी नोंद घालणारी प्रोजअ‍ॅड ही आज्ञा वापरतो. फक्त मर्यादा ज्या कंसात लिहायची तो अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, नाहीतर शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, तो कंस स्वतःसाठीच आहे असे समजून कुरकुरते.

एका रात्री 32 जीबीच्या मशीनवर डेटाबेसला 12 जीबी सामायिक मेमरी हवी होती, आणि नोंद नसेल तर एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्शापलीकडे, म्हणजे इथे 8 जीबीपलीकडे, काही मिळत नाही. ओरॅकल या वापरकर्त्यासाठी मी ‘यूजर डॉट ओरॅकल’ नावाची नोंद घातली. प्रोजेक्ट्स हायफन एल ही नोंदी दाखवणारी आज्ञा दिल्यावर ती समोर आली; माझ्या 12 जीचे 12884901888 झालेले, म्हणजे बाइटपर्यंत हिशेब चोख. डेटाबेस मात्र सुरू होईना. तीनदा सुरू करून पाहिला, शब्दलेखन तपासले, रात्रपाळीचा चहाही निवून गेला.

शेवटी ओरॅकल म्हणून लॉगिन केलेल्या टर्मिनलच्या खिडकीत आयडी हायफन पी, म्हणजे मी कोण आणि कोणत्या प्रोजेक्टमध्ये, असे विचारले, तर उत्तर आले: प्रोजआयडी 3, डीफॉल्ट. ती खिडकी मी संध्याकाळीच उघडून ठेवली होती. प्रोजेक्ट कोणता, हे लॉगिन होतानाच ठरते. नंतर फाइलमध्ये काहीही लिहिले तरी आधीपासून आत असलेल्या शेलला त्याचा पत्ता नसतो. लॉगआउट केले, पुन्हा आत आलो, आयडीने या वेळी 100 हा आकडा दाखवला, आणि डेटाबेस निमूट उठला.