अखेर नळ थांबला

बेसिनचा नळ गेले तीन महिने ठिबकत होता. रात्री सामसूम झाली की ते टप् टप् कानात घुमायचं, आणि रोज ठरायचं, रविवारी बघू. आज बघितलं. मेन कॉक बंद केला, पान्याने नळ उघडला, आतला वायसर काढला. रबर दगडासारखं कडक झालेलं आणि त्यावर गोल खाच पडलेली. पाणी अडणार कसं? नवा वायसर बसवायला मोजून दहा मिनिटं लागली. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. हे मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

मग हात थांबेनात. दोन शर्टांची बटणं लावली, कपाटाच्या बिजागरीत तेल सोडलं. ती करकरायची, आमची झोपमोड होईल म्हणून आई पहाटे कपाट उघडायचीच नाही. हे मला आज कळलं! संध्याकाळी तिने दार दोनदा उघडून मिटून बघितलं. बोलली काही नाही, नुसती हसली.

खिडकीची कडी अजून राहिलीये. ती उद्या. आत्ता बेसिनकडून काहीच आवाज येत नाहीये, आणि मी ते ऐकत बसलोय.