स्पिनर्स क्रमवार ऐकताना: नोंदवही कुठवर आली

अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या स्पिनर्स या गायकगटाच्या तबकड्या प्रकाशनाच्या क्रमाने ऐकायच्या आणि प्रत्येक गाण्यापुढे मुख्य आवाज कोणाचा आहे ते वहीत लिहून ठेवायचे, हे काम मी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केले होते. ते आता 1980 सालापर्यंत येऊन पोहोचले आहे. लेबलवर केवळ गटाचे नाव छापलेले असल्यामुळे आवाज कानांनीच ओळखावा लागतो. माझी पहिल्या महिन्यातली निम्मी उत्तरे चुकली, हे आधीच कबूल केलेले बरे.

हा गट 1954 मध्ये डेट्रॉईटलगतच्या फर्नडेल गावात शाळकरी मित्रांनी सुरू केला. 1961 च्या पहिल्याच तबकडीवर बॉबी स्मिथ मुख्य गायक होता आणि ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 27 व्या क्रमांकापर्यंत गेले. ही तबकडी काढणारी हार्वी फुक्वा यांची छोटी कंपनी पुढे मोटाउन या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने विकत घेतली आणि तिच्याबरोबर स्पिनर्सही मोटाउनकडे आले. तिथे टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स यांच्यासारखे गट आधीच असल्यामुळे चांगली गाणी यांच्या वाट्याला क्वचितच येत. जवळजवळ दशकभरात त्यांच्या दोनच एलपी (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) निघाल्या. मधल्या काळात गटातल्या मंडळींनी इतर कलाकारांच्या गाड्या चालवल्या, त्यांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहिली आणि कंपनीच्या मालाची पाठवणीही केली. वहीची ही पाने म्हणूनच विरळ आहेत. त्या विरळ पानांवर 1970 चे ‘इट्स अ शेम’ एकदम उठून दिसते. स्टीव्ही वंडर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. गाण्याच्या तीन लेखकांपैकी तो एक होता आणि निर्मितीही त्याचीच होती. जी. सी. कॅमरनने ते ज्या ताकदीने गायले आहे, ती ऐकल्यावर याच गटाला कंपनीने इतकी वर्षे मागे का ठेवले असेल, असा प्रश्न पडतो.

या गाण्याच्या ब्रिटिश प्रतीवर गटाचे नाव ‘मोटाउन स्पिनर्स’ असे आहे आणि पुढे तिकडेच ते ‘डेट्रॉईट स्पिनर्स’ झाले, कारण लिव्हरपूलचा एक लोकगीत गट स्पिनर्स याच नावाने आधीपासून गात होता. माझ्या कपाटात त्यामुळे एकच गट तीन ठिकाणी विखुरला होता. या महिन्यात सगळ्या प्रती एका कप्प्यात आणल्या. त्यांपैकी एक प्रत, तिचे पार्सल वाटेत उन्हात राहिल्याने, वाकून आली आहे आणि तिच्यावर सुई दर फेरीला हेलकावे खाते.

गायिका ॲरेथा फ्रँकलिनच्या सल्ल्यावरून गट मोटाउन सोडून ॲटलांटिक या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. कॅमरन मोटाउनमध्येच थांबला आणि त्याच्या जागी फिलिप विन आला. निर्माता थॉम बेलने त्यांना फिलाडेल्फियाला नेले, आणि 1972 च्या तबकडीपाशी माझी खरी फजिती झाली. या तबकडीची पहिली बाजू विनने गायलेली आहे. ‘आयल बी अराउंड’ हे गाणे मात्र मागच्या बाजूला होते. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली आणि मागची बाजूच तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. विनचे नाव इतके गाजले आहे की मी डोळे झाकून इथेही ‘विन’ असे लिहिले होते. आवाज बॉबी स्मिथचा आहे. दोन्ही बाजू लागोपाठ लावल्या की फरक सहज कळतो: स्मिथ ओळ सरळ आणि गुळगुळीत ठेवतो, तर विन शब्द तोडतो, पुन्हा धरतो आणि शेवटाकडे मनाला येईल तसे गात सुटतो. 1974 मध्ये गायिका डिऑन वॉरविकबरोबरचे ‘देन केम यू’ पहिल्या क्रमांकावर गेले; तिथेही तिच्यासमोर आधी स्मिथ आहे, विन उत्तरार्धात येतो. पुढच्या वर्षीच्या ‘गेम्स पीपल प्ले’मध्ये पर्व्हिस जॅक्सन खर्जात पावणेएकची वेळ सांगतो. त्या एका ओळीसाठी मी ही तबकडी चार वेळा लावली, आणि त्यात वहीचे काम काहीच नव्हते.

1976 चे ‘द रबरबँड मॅन’ मात्र निर्विवाद विनचे आहे आणि ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. दुसऱ्याच वर्षी त्याने गट सोडला. 1984 मध्ये ओकलंडच्या एका क्लबात गात असतानाच तो कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. त्याच्यानंतर आलेल्या जॉन एडवर्ड्सच्या आवाजात गटाने 1980 मध्ये फोर सीझन्स या गटाचे जुने गाणे डिस्कोच्या ठेक्यावर पुन्हा गायले आणि ते अमेरिकेत दुसऱ्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मला स्वतःला त्यातला ठेका कंटाळवाणा वाटतो, पण साथीचे आवाज लक्ष देऊन ऐकावेत: मुख्य गायक बदलत गेले, तरी स्मिथ, जॅक्सन, हेन्री फँब्रो आणि बिली हेंडरसन हे चौघे तेव्हाही त्याच ओळीत उभे होते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गटाला 2023 मध्ये स्थान मिळाले, तेव्हा त्या चौघांपैकी एकटे फँब्रो हयात होते. पुढच्याच फेब्रुवारीत तेही गेले.

गटाच्या ‘गेटो चाइल्ड’ या गाण्याची नोंद अजून अपुरी आहे. त्यात मुख्य ओळी एकाहून अधिक जण आळीपाळीने गातात आणि माझ्या वहीच्या रकान्यात एकाच नावापुरती जागा आहे, त्यामुळे ती पाने आता नव्याने आखायला घेतली आहेत.