इंटरकूलर बदलला, आणि तिसरी लॅप पहिलीसारखी झाली

ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला, म्हणजे तिसऱ्या फेरीला, माझी गाडी दमते, असं मी दोन वर्षं सांगत होते. पहिली लॅप झकास. दुसरीला काहीतरी हललंय असं वाटायचं. तिसरीला त्याच सरळ पट्ट्यावर पाय तळाला टेकलेला असायचा आणि गाडी मात्र कुणी मागून ओढून धरल्यासारखी जायची. टायर, ब्रेक, पेट्रोल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, आकडे नोंदवणारा लॉगर लावला, घरी येऊन आलेख उघडला, आणि इनटेक टेम्परेचरच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाच्या, रेघेत उत्तर सापडलं.

गाडीत फार काही केलेलं नाही. 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन (टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा), स्टेज 1 रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला पहिल्या पायरीचा बदल, बरा एअर फिल्टर, बाकी सगळं कंपनीचं. रिमॅपनंतर बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, 18 पीएसआयपर्यंत जातो (टायरची हवा मोजतो तेच एकक). ही दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा इंटरकूलरही कंपनीचाच, बंपरच्या उजव्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढ्यात, जाड वहीएवढा. त्याला वारा मिळतो तो बंपरमधल्या एका लहान खिडकीतून. मूळ बूस्टला तो पुरत होता, याबद्दल माझी तक्रार नाही. बूस्ट आम्ही वाढवला आणि थंड करणारा मात्र तोच ठेवला.

त्या दिवशी बाहेर 33 अंश होतं. सरळ पट्टा संपताना पहिल्या लॅपला इनटेक 52 अंश, दुसऱ्या लॅपला 66, तिसऱ्या लॅपला 74. त्याखाली इग्निशन टायमिंगची, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो त्याची, रेघ होती. तिसऱ्या लॅपला इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दोन सिलिंडरचं टायमिंग चार ते पाच अंश (हे तापमानाचे नाहीत, इंजिनच्या फिरण्याचे) मागे ओढत होता. हवा गरम झाली की मिश्रण स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच, नको तिथे आपोआप पेट घ्यायला बघतं, त्याचा ठोका नॉक सेन्सर ऐकतो, आणि इंजिन वाचवायला इसीयू ताकद काढून घेतो. त्यामुळे दमणं वगैरे काही नव्हतं. गाडी स्वतःला जपत होती, आणि मी तिला अजून जोरात पळ म्हणत होते.

टर्बोमधून निघणारी हवा किती तापते, याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. मलाही नव्हता. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तसंच हे. 33 अंशांची हवा 20 पीएसआयच्या आसपास दाबली आणि टर्बोचा हवा दाबणारा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, 70 टक्के कार्यक्षम धरला, तर ती बाहेर पडते दीडशे अंशांच्या वर. मग इंटरकूलर तिला जितकी खाली आणेल तितकी. शिवाय तापमान खाली आलं की घनता वाढते. 74 अंशांऐवजी 48 अंशांची हवा आत गेली तर त्याच दाबाला साधारण 8 टक्के जास्त हवा जाते, बूस्टचा काटा जराही न वाढवता. 1978 च्या पोर्शे 911 टर्बोत इंजिन 3 लिटरचं 3.3 लिटर झालं, त्याच वेळी त्यावर इंटरकूलर आला, आणि तो मावावा म्हणून मागच्या स्पॉयलरचा आकार बदलला. एका रेडिएटरसारख्या पेटीसाठी गाडीची ओळख असलेला भाग बदलायला ते तयार झाले, हे मला फार बोलकं वाटतं.

नवा इंटरकूलर निवडताना जाडी कमी हवी, यावर मी अडून बसले. 100 मिलिमीटर जाडीचे कोअर, म्हणजे इंटरकूलरचे जाळीदार गाभे, दिसायला भारदस्त असतात. पण वारा पुढून आत शिरला की पुढच्या थरांतच तापतो, मागच्या थराला तो गरमच मिळतो. त्यात मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर उभे असतात, त्यांचाही श्वास अडतो. मी 65 मिलिमीटरचा, बंपरच्या मधोमध बसणारा, बार-अँड-प्लेट, म्हणजे जाड पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला, घेतला. ट्यूब-अँड-फिन, म्हणजे पातळ नळ्या आणि पत्र्यांचा, हलका असतो आणि वारा मागे सोडण्यात चांगला. पण बार-अँड-प्लेटमध्ये धातू जास्त, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांच्या जोरात तो उष्णता पिऊन घेतो. ट्रॅकवर मला नेमकं तेच हवं होतं. एक अट मात्र पक्की होती, क्रॅश बीमला, म्हणजे बंपरमागच्या आडव्या दांड्याला, करवत लागता कामा नये. काही किटमध्ये बीम कापायला सांगतात. चार अंश कमी तापमानासाठी समोरच्या धडकेत पाय वाचवणारा लोखंडी दांडा कापायचा, हे मला कुठल्याच हिशोबात बसत नाही.

बसवायला मी आणि धाकटा भाऊ, दोन दिवस. बंपर काढणं सोपं आहे, वेळ क्लिपा शोधण्यात जातो. जुना इंटरकूलर उतरवून उलटा धरला तर त्यातून चमचाभर तेल ओघळलं. क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या भागाची, वाफ इनटेकमधून जाते, तिच्यातलं तेल तिथे साचतं. एवढ्याशा तेलाने घाबरायचं कारण नाही. पण हेच तेल पाइपांच्या तोंडांना आतबाहेर लागलेलं असतं, आणि त्याकडे मी हवं तितकं लक्ष दिलं नाही.

सगळं जोडून गाडी काढली, तर बूस्ट 14 पीएसआयच्या वर जाईना. पाय दाबला की पुढून फुस्स असा लांबट आवाज. चेक इंजिनचा दिवा नाही, मिश्रणही ठीक. माझ्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा मॅफ सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि तापमान यांवरून इसीयू हिशोब करतो. त्यामुळे वाटेत हवा सांडली तरी इंधनाचं गणित चुकत नाही, फक्त टर्बो जास्त राबतो. मॅफवाल्या गाडीने हीच गळती काळ्या धुराने सांगितली असती.

मग लीक टेस्ट. टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाला झाकण बसवलं, झाकणाला टायरचा व्हॉल्व्ह, त्यातून पंपाने हळूहळू 15 पीएसआय. भावाकडे साबणाचं पाणी आणि ब्रश. मी पंपाच्या काट्याकडे बघत बसले होते, तो खाली वाकून एकेक जोड ओला करत होता. डावीकडच्या खालच्या जोडाशी थांबला. "ताई, इथे बघ." सिलिकॉनच्या होजची, म्हणजे लवचिक नळीची, कड ती आवळणाऱ्या क्लॅम्पच्या पुढे जेमतेम दोन मिलिमीटर उरली होती, आणि त्या कडेखालून बारीक बुडबुड्यांची एक माळ येत होती, एक फुटला की त्याच्या जागी दुसरा. तेलावर होज दाबाने सरकला होता. पाइपच्या टोकाला उठावदार कडा असते, क्लॅम्प तिच्या आतल्या बाजूला बसायला हवा. आमचा बरोबर त्या कड्यावर चढला होता. जोड सोडला, पाइप आणि होजची आतली बाजू ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी होऊ दिली, होज पूर्ण आत ढकलला, क्लॅम्प कड्यामागे घेतला आणि साध्या पट्टीच्या क्लॅम्पऐवजी बोल्टने घट्ट आवळणारा टी-बोल्टचा लावला. पुन्हा 15 पीएसआय. बुडबुडा नाही. बाकीचे पाचही जोड त्याच दुपारी उघडून पुसले.

पुढच्या खेपेला बाहेर पुन्हा 33 अंश होतं, याचा मला खूप आनंद झाला, कारण तुलना करायला तसंच ऊन हवं होतं. पहिल्या लॅपला 44, दुसऱ्या लॅपला 47, तिसऱ्या लॅपला 48. टायमिंग सपाट, मागे ओढणं जवळपास शून्य. टर्बोतून हवा बाहेर पडते तिथे आणि मॅनिफोल्डमध्ये असे दाबाचे दोन काटे लावून पाहिलं. आधी मधल्या वाटेत अडीच पीएसआय हरवत होते, आता एक. म्हणजे तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला कमी दाबावं लागतं, आणि हवा मुळातच कमी तापते. हा फायदा जाहिरातींत कुणी सांगत नाही, मला मात्र तोच सगळ्यात आवडला.

पहिल्या लॅपला ताकद फार वाढली, असं मी म्हणणार नाही. थंड असताना जुना इंटरकूलरही चांगलाच होता. फरक आहे तो तिसऱ्या लॅपला. थ्रॉटल दिल्यावर बूस्ट भरायला क्षणभर जास्त लागतो का? आतली जागा वाढलीय, त्यामुळे लागत असेल, मला पायाला तो कळला नाही. गर्दीत दहा मिनिटं अडकल्यावर मात्र हा धातूचा ठोकळा तापून बसतो, आणि मोकळा रस्ता मिळाल्यावर पहिली वीस-तीस सेकंदं इनटेक साठच्या घरात असतो. कूलंट आधीपेक्षा तीन अंशांनी वर चालतो, एसीला फरक नाही.

वारा नेहमी सोपी वाट धरतो. बंपरची जाळी आणि इंटरकूलर यांच्यात फट राहिली की तो कोअरमधून न जाता बाजूने निसटतो. वरची आणि दोन्ही बाजूंची फट जाड फोमच्या पट्ट्यांनी बुजवलीय. खालची तीन बोटांची फट अजून उघडी आहे. तिथला फोम कापून ठेवलाय, आणि तो लावायच्या आधी त्याच पट्ट्यावर, तसल्याच उन्हात एक लॉग घ्यायचाय.