आक्षीला जाताना आधी तिथी बघा

रविवार सोडून रजा टाकली आणि फाल्गुन वद्य द्वादशीला किनाऱ्यावरचे पक्षी बघायला अलिबागजवळचं आक्षी गाठलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. द्वादशीला नऊ. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. ओहोटीला इथलं पाणी इतकं लांब जातं की पक्ष्यांचे नुसते ठिपके दिसतात. भरती चढली की तेच पाणी त्यांना आपल्याकडे आणतं. शिवाय किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी ऊन पाठीवर असतं. संध्याकाळी पक्ष्यांच्या काळ्या सावल्याच दिसतात.

सात वाजता सुरूच्या कडेला बसलो. जानेवारीत हे चिखल्ये, म्हणजे ओल्या वाळूत चरणारे छोटे पक्षी, सगळे मातकट, एकासारखा एक. आता छोट्या चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा चढत होता, कुरवांची (सीगलची) डोकी चॉकलेटी झाली होती. कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर तांबडे ठिगळ उमटले होते. हा चिमणीपेक्षा जरासा मोठा जीव इथून थेट सैबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला जाणार! लाल चोचीचे दोन कालवफोडेही दिसले.

एक कळकळीची विनंती. थव्याकडे सरळ चालत जाऊ नका. लांबच्या उड्डाणासाठी हे पक्षी आत्ता अंगात चरबी साठवत असतात आणि प्रत्येक वेळी उठवलं की ती खर्च होते. माझ्यासमोर एका कुत्र्याने तासाभरात चारदा थवा उठवला, फार वाईट वाटलं. वीसेक मिनिटं हलू नका, तेच जवळ येतात. दुर्बीण हवीच; तिवईवरची एकनळी दुर्बीण, म्हणजे स्कोप, असेल तर उत्तम.

नंतर गावामागच्या शेतांत पिवळे धोबी आणि पांगाऱ्यावर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) कलकलाट. जाताना आक्षीचा जुना मराठी शिलालेखही बघून घ्या.

गेटवेहून मांडव्याला लाँच, तिथून बसने अलिबाग, पुढे रेवदंड्याची एसटी किंवा रिक्षा. मुंबईहून त्याच सकाळी निघून नऊची भरती गाठणं अवघड जातं, आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा. टोपी आणि पाणी घ्या, दहानंतर वाळू तापते.

पुढची संधी चैत्र शुद्ध एकादशी ते त्रयोदशी. तोवर बरेच निघून गेलेले असतील, पण मागे राहिलेल्यांवर रंग पुरा चढलेला असेल.